अशोकाचे चिलखत : पुरावा, पोशाख आणि हालचाल

रंगमंचावर सम्राट अशोकाच्या अंगावर काय असावे, हा प्रश्न वरवर पाहता शिंप्याचा वाटतो. इतिहास शिकविणाऱ्याच्या दृष्टीने तो पुराव्याचा प्रश्न आहे. आणि ज्या मुलाला तो पोशाख घालून पाऊण तास उभे राहायचे, धावायचे, वाकायचे आणि संवाद म्हणायचे असतात, त्याच्या दृष्टीने तो शरीराचा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी भांडतात असा समज आहे. खरे दिसायचे तर अवघडावे लागते आणि मोकळे वावरायचे तर खोटे दिसावे लागते, असे नाटक बसविणारे सांगतात. आमचा अनुभव आणि अभ्यास याच्या नेमका उलट आहे.

आपल्या निवासी शाळेत अशोक विजयादशमीला कलिंगयुद्धाचा प्रसंग सादर होतो, हे माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांनी त्यात भाला धरला आहे, काहींनी घोड्याचे मागचे पाय होऊन पाहिले आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमीचाच दिवस निवडला, त्यामुळे या प्रसंगाला आपल्या घरी नुसत्या नाटुकल्याचे मोल नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यातील पोशाखाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले, त्याचे कारण हेच.

पूर्वी हे पोशाख भाड्याने येत. छातीला पत्रा, खांद्यांना पत्रा, डोक्याला पत्रा, आणि त्यावर सोनेरी रंग. छातीचा पत्रा कमरेच्याही खाली उतरलेला असे, त्यामुळे अशोक झालेला मुलगा खाली बसला की तो वर सरकून हनुवटीला टेके. खांद्यांचे पत्रे छातीला पक्के जखडलेले असत, त्यामुळे हात वर केला की सगळे चिलखत वर येई आणि मुलाचे पोट उघडे पडे. प्रेक्षकांत हशा पिके. आता कलिंगाच्या प्रसंगात काय घडायचे असते, ते आठवून पाहा. युद्ध संपते, अशोक मृतांमधून चालत येतो, वाकून एका सैनिकाचा चेहरा पाहतो, हातातील शस्त्र खाली ठेवतो आणि गुडघ्यांवर येतो. सगळा अर्थ त्या वाकण्यात आहे. जे चिलखत माणसाला वाकू देत नाही, ते या प्रसंगाला कवडीच्या उपयोगाचे नाही.

पत्र्याला पर्याय म्हणून मुलांनी पडदा सुचविला. २०१५ मध्ये दूरचित्रवाणीवर अशोकाच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, २००१ चा हिंदी चित्रपट तर वसतिगृहात कितीदा तरी पाहून झालेला. मुलांचे म्हणणे साधे होते, ‘सर, हुबेहूब तसेच हवे.’ या मागणीला हसू नये. पडद्यासाठी पोशाख करणारे लोक फार विचारी कारागीर असतात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटमालेसाठी न्यूझीलंडमधील कारागिरांनी कड्यांची चिलखते केली, ती बव्हंशी प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चकत्या कापून, एकेक कडी हाताने गुंफून. लोखंडी कड्यांचे खरे चिलखत दहा किलोच्या आसपास भरते आणि त्याचा सगळा भार खांद्यांवर लोंबतो. दिवसभर ते घालून उड्या मारणे नटाला शक्य नाही. अशा चित्रपटांत एकाच चिलखताच्या अनेक प्रती असतात. जवळून चित्रीकरण असेल तेव्हा धातूची, आणि पडझड, मारामारी, घोडेस्वारी असेल तेव्हा रबराची वा फोमची. प्रेक्षकाला फरक कळत नाही. त्याहून जुनी युक्ती म्हणजे जाड सुतळी विणून तिला रुपेरी रंग देणे. दुरून ती कडीच वाटते. पडद्याचे जग ‘खरे’ दिसते ते वजनामुळे नव्हे, तर आकार, सांधे आणि रंग यांच्या काटेकोरपणामुळे, हा धडा मुलांना त्यातून मिळतो आणि तो घेण्यासारखा आहे.

मात्र पडद्याबरहुकूम आणि पुराव्याबरहुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या पौराणिक-ऐतिहासिक पडद्यावर छातीवर स्नायू कोरलेली जी चकचकीत कवचे दिसतात, तो घाट ग्रीक आणि रोमन सेनानींचा आहे. मगधाच्या सैन्याने तो अंगावर चढविल्याचा पुरावा नाही. तो आपल्यापर्यंत आला युरोपीय चित्रे, हॉलिवूड आणि कॅलेंडरे यांच्या वाटेने. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाने स्वतःच्या मुलांना अशोक दाखवताना तरी उसना पुतळा उभा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग पुरावा कोठे शोधायचा? सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून होते. जव्हारहून विक्रमगड, मनोर करीत खाली उतरले की सोपारा दूर नाही; आजचे नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे सापडला. १९५६! धम्मदीक्षेचेच वर्ष. योगायोगाला अर्थ चिकटविण्याची आम्हाला सवय नाही, पण वर्गात हे सांगताना आवाज थोडा वर जातो हे खरे. आठव्या लेखात राजाने शिकारीच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सहलीत तो पाहिल्यावाचून मुलांना परत आणू नये.

शिलालेख पोशाख सांगत नाहीत. त्यासाठी शिल्पांकडे वळावे लागते. सांचीच्या तोरणांवर बुद्धांच्या धातूंसाठी कुशीनगरला वेढा घालणाऱ्या राजांचे युद्ध कोरले आहे. ही तोरणे अशोकानंतर सुमारे दोनशे वर्षांनी कोरली गेली, तरीही अजून जवळचे चित्र आपल्यापाशी फारसे नाही. त्यात हत्ती आहेत, घोडे आहेत, रथ आहेत, धनुर्धारी आहेत. बहुतेक पायदळाच्या अंगावर धोतरासारखे नेसण, कमरेला पट्टा, डोक्याला गाठीचा फेटा आणि हातात ढाल. चकाकणारी धातूची छाती नाहीच. भारहुतच्या कठड्यावर अंगरखा आणि पादत्राणे घातलेला, रुंद तलवार बाळगणारा एक योद्धा आहे, तो कोलकात्याच्या संग्रहालयात उभा आहे.

दुसरा साक्षीदार ग्रीक आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने इसवीसनपूर्व ३२६-३२५ च्या सुमारास पाहिलेल्या भारतीय सैनिकांचे वर्णन पुढे आरियन या लेखकाने नोंदवून ठेवले. धनुष्य माणसाच्या उंचीचे. ते जमिनीवर टेकवायचे, डावा पाय त्याला लावायचा आणि प्रत्यंचा खूप मागे ओढून बाण सोडायचा. डाव्या हातात कच्च्या कातड्याची ढाल, माणसाहून अरुंद पण जवळजवळ त्याच्याएवढी लांब. तलवार रुंद, तीन हातांपेक्षा लांब नाही, आणि झटापटीत ती दोन्ही हातांनी चालवायची. हे वर्णन मौर्यांच्या किंचित आधीचे आणि वायव्येकडचे आहे हे विसरून चालणार नाही, तरी नाटक बसविणाऱ्याला एवढे नेमके मार्गदर्शन दुसरीकडे मिळत नाही. मूल पाय लावून धनुष्य ओढताना दिसले की पहिल्या रांगेतले म्हातारे बाबा पुढे सरकून बसतात. धनुष्य त्यांना ठाऊक आहे, ही तऱ्हा नवी असते. बाण अर्थातच सोडायचा नाही.

तिसरा साक्षीदार कौटिलीय अर्थशास्त्र. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत आणि त्याचे आजचे रूप मौर्यांनंतरचे असावे असे मानणारे पुष्कळ आहेत. त्याच्या वर्णाश्रमाच्या चौकटीशी आपले काही देणेघेणे नाही. पण शस्त्रागाराच्या प्रकरणात चिलखतांची जी यादी आहे ती वस्तूंची यादी आहे, आणि वस्तूंच्या याद्या बऱ्याचदा विचारांपेक्षा प्रामाणिक असतात. तीत लोखंडी जाळीचे आणि पट्ट्यांचे कवच आहे, गेंडा, हत्ती, बैल यांच्या कातड्याचे कवच आहे, शिरस्त्राण आणि कंठत्राण आहे, धडापुरता कूर्पास आणि त्याहून लांब कंचुक आहे. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, सूत्रकंकट आहे. सूत्रकंकट म्हणजे सुताचे चिलखत. कापडावर कापड रचून दाट टाके घालून केलेले.

हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे गोधडी.’

होय, गोधडी. प्राचीन काळी अनेक देशांच्या पायदळांनी असेच टाचलेले जाड सुती वस्त्र वापरले, कारण ते स्वस्त असते, घाव थोडा तरी झेलते आणि अंगाबरोबर वाकते. ज्या मुलांच्या आया-आज्यांनी आयुष्यभर फाटक्या लुगड्यांतून गोधड्या शिवल्या, त्या घरांतच मौर्य सैन्याच्या चिलखताची विद्या पडून होती. आपल्या नाटकातील सैनिक आता पत्र्याऐवजी टाचलेले बंडे घालतात. जुन्या सुती लुगड्यांचे चार-पाच थर, बोटभर अंतरावर उभे धावदोरे, बाह्या नाहीत, काखेत खोल गोलाई, दोन्ही कुशींना नाड्या. कातडी दिसावी म्हणून वरचा थर काताच्या पाण्यात रंगविलेला. ढालींना बांबूच्या कामट्यांची चौकट, त्यावर तागाचे पोते ताणून खळ दिलेली. या सगळ्याचा खर्च भाड्याच्या पोशाखांच्या तुलनेत नगण्य आहे. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की, हा पोशाख अधिक खरा आहे आणि त्यात मूल मोकळेपणाने धावते.

आता जंगलातल्या माणसांविषयी. हा भाग लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

कलिंगयुद्धाची कबुली अशोकाने तेराव्या शिलालेखात दिली. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी कलिंग जिंकला. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे तो सांगतो. विजयाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारा असा राजलेख जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. रणांगणावर तलवार टाकल्याचा उल्लेख मात्र त्यात नाही. ते नाटककारांचे आहे आणि नाटकात ते शोभते. हाच लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडा येथे, कोरलेला नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. आणि याच लेखात राज्यातील अरण्यवासी लोकांना, ‘आटविकां’ना, उद्देशून एक वाक्य आहे. राजा त्यांना समजावू पाहतो, पण पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या हाती सामर्थ्य आहे याची आठवणही करून देतो, त्यांनी वर्तन सुधारावे आणि मारले जाऊ नये म्हणून.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांतली मुले ज्या शाळेत शिकतात, तेथे हे वाक्य गाळून अशोक शिकविता येत नाही. आम्ही ते गाळीत नाही. अशोकाचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही, असे आमचे मत आहे. पण मतापर्यंत मुलांनी स्वतः यावे. अर्थशास्त्रात अटवीबल म्हणजे अरण्यवासीयांचे सैन्य हा सैन्याचा एक प्रकार सांगितला आहे. तेव्हा ही माणसे राजांच्या युद्धांत होती, कधी बाजूने आणि कधी विरुद्ध.

प्रश्न येतो तो त्यांच्या पोशाखाचा. पडद्याबरहुकूम करायचे तर उत्तर तयार असते. कमरेला पाने, डोक्यात पिसे, अंगाला काळा रंग, आणि तोंडी ‘हू हू’. शाळा-शाळांच्या स्नेहसंमेलनांतून हे आजही पाहायला मिळते, आणि ते पाहणाऱ्या मुलाच्या आईने अंगावर नीट नेसलेले लुगडे असते. ज्याला आपण अचूकपणा म्हणतो त्याची पहिली कसोटी सम्राटाच्या सोनेरी खांद्यावर लागत नाही, ती येथे लागते. आपल्या नाटकात आटविकांना सैनिकांसारखेच नेसण, फेटा आणि उंच धनुष्य असते. बंडी मात्र नसते. फरक एवढाच. तो साधनांचा आहे, माणूसपणाचा नाही, हे प्रेक्षकाला न सांगता कळते.

पोशाख आणि हालचाल यांच्याविषयी जव्हार-मोखाड्याला कोणी बाहेरून येऊन शिकवावे अशी स्थिती मुळातच नाही. होळीनंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगावी बोहाडा होतो. गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह, वेताळ, भीम अशी सोंगे रात्रभर सांबळाच्या तालावर नाचत येतात आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. देवकथेविषयी आपली भूमिका बावीस प्रतिज्ञांनी ठरलेली आहे. महिषासुर कोण होता याविषयीही निराळा विचार करणारे आपल्यात आहेत. तो वाद येथे आणायचा नाही. येथे आम्हाला बोलायचे आहे ते त्या सोंगांच्या बांधणीविषयी, आणि ती बांधणारांचे ज्ञान ‘लोककला’ या गोड शब्दाखाली झाकले जाते त्याविषयी.

मुखवटे पूर्वी लाकडाचे होते, आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. मातीचा साचा, त्यावर खळीने चिकटविलेले कागदाचे थर, ऊन, मग रंग. लाकडाकडून कागदाकडे झालेला हा प्रवास न्यूझीलंडच्या कारागिरांनी लोखंडाकडून प्लॅस्टिककडे केलेल्या प्रवासासारखाच आहे. कारणही तेच, की नाचणाऱ्याची मान रात्रभर टिकली पाहिजे. पण त्याहून महत्त्वाची युक्ती वेगळी आहे. सोंगाचा सगळा भव्यपणा मस्तकात असतो. चेहरा माणसाच्या चेहऱ्याहून मोठा, मुकुट त्याहून मोठा, रंग भडक. मानेखाली मात्र साधे कापड. त्यामुळे खांदे, कंबर आणि गुडघे मोकळे राहतात आणि पाय तालावर पडतात. मशालीच्या उजेडात बारीक नक्षी कोणाला दिसत नाही, दिसते ती बाह्यरेषा. सोंग ओळखू येते ते रेषेवरून. डोक्याला आधी फडके गुंडाळून मगच मुखवटा बांधला की तो घसरत नाही आणि घाम टिपला जातो. काही मुखवट्यांचे डोळे नुसते रंगविलेले असतात आणि नाचणारा खालच्या फटीतून पाहतो, त्यामुळे त्याला पायाखालची जमीन दिसते. मंचाच्या कडेवरून पडण्याचा धोका डोळ्यांसमोर भोके पाडलेल्या शिरस्त्राणात त्याहून जास्त असतो.

अशोकाचे चिलखत आखताना हीच रीत उपयोगी पडली. सोनेरी झळाळी घालायचीच असेल तर ती गळ्याभोवती आणि खांद्यांवर, जेथे नजर जाते तेथे. पोट आणि पाठ मऊ ठेवायची. शिरस्त्राण काढून टाकले आणि शिल्पांतला गाठीचा फेटा आणला, त्याने चेहरा उघडा राहतो आणि सहकलाकाराचा संवाद नीट ऐकू येतो.

अशोकाच्या छातीसाठी आम्ही फोम वापरतो. चपलांचे तळ किंवा योगासनांच्या चटया ज्या पदार्थाच्या असतात तोच. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पुरतो. मापाची सर्वांत चांगली पद्धत अशी. मुलाला जुना बनियन घालायला लावायचा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, पेनाने चिलखताच्या रेषा काढायच्या आणि मग बनियन पाठीवरून कापून सपाट करायचा. रेषा काढताना मुलाने हात खाली सोडून उभे राहू नये. एकदा हात डोक्यावर नेऊन, एकदा दोन्ही हात छातीसमोर जुळवून, एकदा खाली वाकून, जेथे जेथे सुरकुती पडते तेथे खूण करावी. त्या सुरकुत्या म्हणजे सांधे. कडक तुकडा दोन सांध्यांच्या मध्ये बसतो, सांध्यावर कधीच नाही. सगळी विद्या या एका वाक्यात आहे असे म्हटले तरी चालेल.

छातीचा तुकडा बरगड्या संपतात तेथे, बेंबीच्या वर, संपला पाहिजे. खऱ्या चिलखतांतही तो तेथेच संपे, कारण खऱ्या सैनिकालाही बसावे लागे, घोड्यावर चढावे लागे. पत्र्याच्या पोशाखांचे करणारे हे विसरले, कारण त्यांनी खरे चिलखत पाहिलेले नसते, चित्र पाहिलेले असते. काखेपाशी पुढून खोल काप हवा, नाहीतर दोन्ही हातांनी तलवार धरताना तुकडा दंडात रुततो. निआर्कसच्या सैनिकांची तलवार आपल्या मुलांनी धरायची असेल तर हे अनिवार्य आहे. पोटावर आडव्या पट्ट्या, एकमेकींवर बोटभर चढलेल्या, आतून कापडी फितीवर टाचलेल्या. वाकले की त्या एकमेकींत सरकतात, सरळ झाले की पसरतात. कोळंबीची पाठ ज्यांनी सोलली आहे त्यांना अधिक सांगायला नको. खांद्याचे तुकडे छातीला जोडू नयेत. ते गळपट्ट्यापासून एका फितीने लोंबते ठेवावेत आणि दंडाभोवती इलॅस्टिक. हात वर गेला की ते मागे पडतात आणि हात खाली आला की जागेवर येतात. वजनाचा निम्मा भार कमरेच्या रुंद पट्ट्यावर द्यावा. फोमला वजन नाहीच म्हणा, पण दागिने, शेला आणि तलवार यांना असते.

फोमला गोलाई उष्णतेने येते. हीट गन असेल तर उत्तम. नसेल तर कागद मध्ये ठेवून इस्त्री फिरवावी आणि गरम असतानाच गोल मडक्यावर दाबून धरावा. हे काम मोठ्यांनी करायचे, आणि चिकटविण्याचे सोल्यूशन उघड्या व्हरांड्यात वापरायचे, बंद खोलीत मुळीच नाही. रंगाआधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यावेत, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. पहिला रंग काळा, त्यावर कोरड्या ब्रशने तांब्याचा. सोनेरी रंग फक्त कडांना. सगळे सोनेरी केले की ते लग्नाच्या मंडपाच्या खांबासारखे दिसते.

फोममधून वारा जात नाही आणि हॅलोजनखाली मूल पटकन तापते. म्हणून आत सुती बनियन, पाठीवर जाळी, आणि प्रवेशाच्या अगदी आधी चिलखत चढवायचे. कुशींना वेल्क्रो ठेवला तर चक्कर आल्यास दोन झटक्यांत ते निघते. नाडीही शोभते, पण अशोकाला तरी वेल्क्रोच हवा. त्याचा एक नाट्यगत फायदा पुढे लक्षात आला. अखेरच्या प्रसंगात अशोक शस्त्राबरोबर चिलखतही उतरवू शकतो. वेल्क्रो सुटल्याचा कर्कश आवाज नको म्हणून त्या क्षणी सांबळ वाजतो. वाजविणारे आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत आणि उन्हाळ्यात बोहाड्यात हेच वाजवितात.

तालमीतील परीक्षा ठरलेली आहे. चिलखत घालून मुलाने मांडी घालून जेवावे. घास तोंडापर्यंत न अडखळता गेला, उठताना हात टेकावा लागला नाही आणि पळत जाऊन हात धुऊन आला, तर चिलखत पास. जव्हारच्या चढावर दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलांना याहून अवघड परीक्षा घेण्याची गरज नसते.

मुलींविषयी एक गोष्ट. सैनिकांच्या भूमिका मुलीही करतात. पडद्यावर स्त्री-योद्ध्यांसाठी छातीचा आकार कोरलेली जी कवचे असतात ती खऱ्या लढाईत घाव नेमका मध्यभागी आणतील, अशी त्यांची घडण असते. मुलांची आणि मुलींची बंडी एकच आहे. फक्त वेणी फेट्यात नीट बांधून घ्यावी लागते. कुशींच्या नाड्यांमुळे एकच बंडी सातवीच्या मुलीला आणि दहावीच्या मुलाला होते.

राहता राहिली साठवण. आपल्याकडच्या पावसात कागद, सुत आणि माणूस तिन्ही ओले राहतात. बंड्या वैशाखाच्या उन्हात दोन दिवस वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवाव्यात. पाऊस उघडल्यावर पुन्हा एकदा उन्हे. फोमची छाती सपाट ठेवली तर सपाट होते, म्हणून ती मडक्यावर किंवा फुगविलेल्या चेंडूवर बसवून ठेवावी, आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर कधीच नाही, तेथे ती उन्हाळ्यात वाकडी होते. उंदरांना खळ आवडते. ढाली टांगून ठेवाव्यात.

सध्या बावीस बंड्या, चौदा ढाली आणि अशोकाची दोन चिलखते शाळेच्या कपाटात आहेत. यंदा कलिंगाच्या बाजूला सैनिक कमी पडतात. जुनी सुती लुगडी, धोतरे, पांढऱ्या चादरी ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या पाठवाव्यात. टेरिलिनचे कापड नको, त्याला टाका बसत नाही आणि घामही पीत नाही. टाके घालायला ज्या आया-आज्या मे महिन्यात दोन दिवस शाळेत मुक्कामाला येऊ शकतील, त्यांनी आपली सुई आणावी, दोरा शाळेचा.